माणूस एक

आत्याला लग्नानंतर नवव्या दिवशी
परत आणून सोडलं.
ओटीतला नारळसुद्धा फोडलेला नव्हता.
दीर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला,
हिच्या हातचं अळणी लागतं,
कितीही मीठ घातलं तरी.

आगरवाड्यात, आणि अळणी!
जिथे उन्हाळ्यात कुत्र्यांच्या पाठीवरही
मिठाची साय धरते.

आत्याच्या आधी तिची आत्या. आत्यानंतर मी.
माझा नवरा मुरगाव बंदरात क्रेन चालवायचा, भला माणूस,
तीन महिने लोणच्याला लावून गुपचूप जेवला.
मग त्यालाही ते जड झालं.
घरात याला कुणी शाप म्हणत नसे.
"आमच्या मुलींना लाभत नाही," एवढंच,
जसा एखाद्या घराला फणस लाभत नाही.

मानशीचं दार उचलायचा मान आमच्या घराचा.
भावाची कंबर गेली तेव्हा तो माझ्याकडे आला.
अवसेची ओहोटी, रात्रीचे तीन,
दोर ओढत होते, तेव्हा बांधातून तो वर आला,
कमरेपर्यंत.
कमरेखाली बांधच होता.

म्हणाला, आज उशीर केलास.
म्हणाला, दार पुरतं उचल गे,
पाण्याच्या भाराने पाठ भरून येते.

मी पळाले नाही. का, ते मला विचारू नका.
त्याच्या खांद्यावरून एक खेकडा उतरत होता
आणि तो त्याला हलकेच वाट करून देत होता.
अशी वाट मला कुणी दिली नव्हती.

सगुण, त्याने नाव सांगितलं.
चौथ्या की पाचव्या रात्री
माझ्या तळव्याला जीभ लावली,
थंड, शेवाळासारखी,
आणि म्हणाला, खारी आहेस.

मी तिथे चिखलात बसून हसले, मोठमोठ्याने.
पलीकडच्या काठावर कोळंबीवाल्याने बॅटरी मारली.

शनिवारी शनिवारी पणजीला जाऊन मी मोडी शिकले होते,
उगाच, वेळ जावा म्हणून.
पणजोबांची वही माळ्यावर होती. त्यात:
फाल्गुन वद्य षष्ठी. बांध फुटला.
माती गाडे चाळीस.
माडाची खोडं सहा.
माणूस एक.
बांध राहिला.
मजुरी देणे नाही.

आत्या तिसऱ्या उघडत होती. वही पुढे धरली.
तिने विळीवरून हात काढला नाही.
त्याची आई आली होती, म्हणाली,
आपल्या दारातल्या ढिगातली मूठभर उचलली, चाखली, थुंकली,
ह्या घरच्या पोरींचं मीठ मेलं म्हणाली, आणि गेली.
एवढंच मला माझ्या आत्याने सांगितलेलं.
मग बराच वेळ नुसत्या शिंपल्या वाजत राहिल्या.
मग, मान खालीच ठेवून:
"अजून डाव्या कानात तांब्याची कडी आहे का गे त्याच्या?"

तीन रात्री मी बांधावर गेले नाही.
भावाने वाकत वाकत दार उचललं.
सत्तरीच्या बाईचा मत्सर करत
मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.
तीही जागी होती. दोघींना दोघींचा श्वास ऐकू येत होता.

त्याला उकरून काढावं तर बांध जाणार,
अख्ख्या गावाच्या खाजनात खाडी शिरणार.
तेवढंच पणजोबांचंही म्हणणं असणार.

शेवटी वही घेतली.
माणूस एक, यावर काट मारली.
सगुण, असं लिहिलं. त्याच्या आईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं,
तिथे जागा सोडली.
मजुरी देणे आहे. सही केली.
आत्याने खाली अंगठा उठवला, सही येत असून.

दुसऱ्या दिवशी वहिनी आमटी भुरकताना थांबली.
खारट झाली गे, म्हणाली,
आणि घरात कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर तो आलेला नाही.
ओहोटीला दार उचलते, बांध नुसता बांध असतो.
आत्या आणि मी आळीपाळीने पेज नेऊन ठेवतो,
दोघीही मुद्दाम मीठ न घालता.
मागायला तरी येईल.